माळकऱ्याच्या गाडीतून वाईनच्या गावा

द्राक्षाच्या उत्सवाला गाडीनं जायचं ठरलं की पहिला प्रश्न द्राक्षाचा नसतो, ड्रायव्हरचा असतो. नाशिक-दिंडोरीकडच्या वायनऱ्या शहराबाहेर, माळावर नाहीतर धरणाच्या काठाला. एसटी तिथपर्यंत जात नाही, आणि गेलीच तर परतीची एसटी आपला पेला रिकामा व्हायची वाट बघत नाही. म्हणजे स्वतःची गाडी आली. गाडी आली की चालवणारा आला, आणि चालवणाऱ्यानं प्यायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला विनोदाचं अंग नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच खेपेला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही. त्यामुळे अशा सहलीच्या आदल्या रात्री पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींत काय चालतं ते एकदा ऐकावं. एरवी ‘मीच चालवणार’ म्हणून किल्ली न सोडणारे गृहस्थ एकाएकी कंबरदुखीचे जुने एक्स-रे बाहेर काढतात. एकाला रात्रीचं दिसत नाही असं उघडकीला येतं. शेवटी ज्याचं लग्न नुकतंच झालंय आणि ज्याची बायको सोबत आहे, त्याच्या गळ्यात स्टिअरिंग पडतं.

आमच्या देवगाव रंगारीला हा प्रश्न कधी पडला नाही. कन्नड तालुक्यातलं हे गाव पैठणीचं नाही, हिमरूचं नाही, वाईनचं तर नाहीच नाही. पण संत बहिणाबाईंचा जन्म इथला. सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या. शाळेतल्या भाषणांत दर वर्षी एखादा पोरगा दोघींना एक करतो आणि गुरुजीही टाळ्या वाजवतात.) त्यांची समाधी जवळच शिऊरला आहे. तेव्हा आमच्याकडे पिकांत कमी-जास्त होईल, माळकऱ्यांचा तुटवडा कधी पडत नाही. आणि माळकरी हा वाईनच्या सहलीसाठी देवानं घडवलेला ड्रायव्हर आहे. त्याला चिठ्ठी टाकायला नको, शपथ घालायला नको, परतीच्या वाटेवर त्याच्या तोंडाचा वास घ्यायला नको.

आमचे मामा असे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी, आषाढीची वारी चुकलेली नाही. शेत ऊस-अद्रकीचं. गाडी बोलेरो कॅम्पर, म्हणजे पुढं पाच माणसं आणि मागं उघडा हौदा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेला भाचा सुट्टीला आला आणि म्हणाला, ‘मामा, जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षं तुडवायचा उत्सव असतो, येता का?’ मामांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, ‘वाईन बघायला नाही येणार. बाग बघायला येईन.’ आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

तारीख ठरवतानाच माळकऱ्याची खरी किंमत कळली. भाच्यानं २६ जानेवारीची जोडून सुट्टी काढली होती. मामा म्हणाले, ‘झेंडावंदन करून निघू, पण त्या दिवशी तुमचं ते मिळत नाही.’ भाच्यानं मोबाईलवर बघितलं. खरोखरच ड्राय डे. गावात ड्राय डेची सगळी यादी ज्याला तोंडपाठ आहे असा माणूस म्हणजे न पिणारा माणूस; कारण पिणाऱ्याला तो दिवस सकाळी अकरा वाजता दुकानाच्या बंद शटरसमोर कळतो. पुढचा एक शनिवार एकादशीचा निघाला. मामांची हरकत नव्हती, उपवास त्यांचा होता. पण साबुदाण्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या माणसासमोर चीझ खाणं आम्हालाच जड गेलं असतं. शेवटी फेब्रुवारीतला असा एक दिवस सापडला ज्याच्याबद्दल सरकार आणि पंढरपूर दोघांचंही काही म्हणणं नव्हतं.

आता रस्ता. देवगावहून शिऊर, वैजापूर आणि तिथून समृद्धी महामार्ग, असं भाच्याचं म्हणणं. समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंतचे ७०१ किलोमीटर सलग झाले, त्याचा भाच्याला अभिमान आहे. मामांना नाही. ‘त्या रस्त्यानं माणूस लवकर पोचतो, पण मधलं काही कळत नाही,’ हे त्यांचं मत. मला ते पटतं. वाईनच्या गावाला जाताना जुनाच रस्ता धरावा: वैजापूर, अंदरसूल, येवला, विंचूर, निफाड. पीक बदलताना दिसतं. आमच्याकडं कापूस आणि मका, येवल्याकडं कांदा, आणि निफाडजवळ गेलं की एकदम तारा, खांब आणि वेली. एखाद्या तालुक्यावर कुणी हिरवं गणित मांडावं तसं दिसतं ते.

विंचूरला थांबलोच. इथं राज्य सरकारनं २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाईन पार्क काढलं; तसंच एक सांगली जिल्ह्यात पलूसला. कल्पना मोठी होती. सरकारी कागदावर ‘पार्क’ म्हटलं की माणसाला वाटतं झोपाळे असतील, कारंजं असेल. प्रत्यक्षात ती एमआयडीसी. आणि विंचूरला खरा मान आहे तो कांद्याचा. भाचा गाडीतून उतरून डोळे मिटून, छाती भरून श्वास घेत म्हणाला, ‘मामा, वास आला का?’ मामा म्हणाले, ‘आला. उन्हाळ कांदा अजून यायचाय, हा लाल आहे.’

निफाडच्या पुढं रस्त्याकडेला बागायतदारच टोपल्या मांडून बसलेले. मामांनी पहिल्याच टोपलीपाशी गाडी उभी केली आणि भाव न विचारता विचारलं, ‘दादा, छाटणी कधी घेतली होती?’ इथं शहरातून आलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. युरोपात वेल वर्षातून एकदा झोपतो आणि एकदा फळतो. त्यांचा तोडणीचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडं वेलाला झोप लागेल अशी थंडी नाही आणि जूनपासून पाऊस. म्हणून तो दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी फळासाठी. त्यामुळे आपला हंगाम जानेवारी ते एप्रिलच्या आत बसतो. तिकडं शिशिराची चाहूल लागताना उत्सव, इकडं हुरडा संपता संपता. ऑक्टोबरची छाटणी लवकर घ्यावी तर परतीच्या पावसात डाऊनी रोग येतो, उशिरा घ्यावी तर माल मार्चच्या गर्दीत सापडतो. मधे निफाडची थंडी अशी की पारा फार उतरला तर मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात. एवढ्यातून घड वाचलाच तर गारपीट आहे, आणि गारपीट चुकली तर माल उचलून फरार होणारा व्यापारी आहे. हे सगळं त्या दादांनी मामांना दहा मिनिटांत सांगितलं. मामा मान हलवत राहिले. मग अद्रकीचा भाव कसा पडला ते मामांनी सांगितलं आणि दादांनी मान हलवली. दोन शेतकरी भेटले की सुखाचा विषय निघत नाही. निघाला तर एकाला वाटतं, दुसरा उसने मागणार.

पिंपळगाव बसवंतवरून दिंडोरीच्या बाजूला वळलो. ज्या वायनरीत उत्सव होता तिचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हता, आमच्या गाडीचा होता. फाटकाबाहेर एमएच १२, एमएच ०१, एमएच ०४ अशा चकचकीत गाड्यांची रांग. त्या रांगेत आमची एमएच २० ची कॅम्पर, हौद्यात वाळलेली अद्रकीची माती, स्टिअरिंगवर पांढरी टोपी. रखवालदारानं आमच्याकडं एकदाच बघितलं आणि हात केला, ‘माल मागच्या गेटला! वजनकाट्यावर लावा!’ भाचा खिडकीतून मोबाईलवरचं तिकीट दाखवायला लागला, पण मामांनी तोवर गाडी मागं वळवली होती. वजनकाट्याचं नाव काढलं की ऊस पिकवलेला माणूस आपोआप तिकडं वळतो.

आणि म्हणून आम्हाला तो उत्सव दिसला जो तिकिटात नव्हता. मागच्या आवारात ट्रॅक्टर आणि छोटे टेम्पो उभे, त्यांत प्लॅस्टिकच्या क्रेट, क्रेटमध्ये काळी आणि हिरवी द्राक्षं. बहुतेक माल पहाटे तोडलेला, कारण उन्हात तोडलेलं द्राक्ष वाटेतच आंबायला लागतं आणि वाईन कुठं आंबवायची हे वायनरीला स्वतः ठरवायचं असतं. तोडणीची माणसं पेठ आणि सुरगाण्याकडची. हंगामात तिकडून टोळ्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. एक सुपरवायझर हातात छोटी नळी घेऊन मणी चिरडून रस तिच्या काचेवर टाकत होता आणि डोळा लावून आकडा वाचत होता. मामा जवळ जाऊन उभे राहिले.

‘ब्रिक्स बघता का?’

सुपरवायझर चपापला. त्याला वाटलं ड्रायव्हर आहे. ‘हो बाबा. तुम्हाला कसं माहीत?’

‘ऊस आहे आपला. गुऱ्हाळ होतं आधी.’

मग काय. दोघांचं जमलं. त्यानं मामांना क्रेटमधला घड दिला. वाईनचं द्राक्ष म्हणजे आपण खातो ते थॉमसन किंवा सोनाका नव्हे. मणी लहान, साल जाड, आत बी. मामांनी चावलं, बी थुंकलं, म्हणाले, ‘हे कोण खाईल?’ तो म्हणाला, ‘खात कोणीच नाही.’ तरी गोडी मात्र अफाट. मामांनी जिभेवर घोळवून सांगितलं, ‘बावीसच्या खाली नाही.’ नळीत तेवीस निघाले. सुपरवायझरनं दुसरी जात दिली. मामांनी तिचंही सांगितलं. शिराझ झाली, कॅबरने झाली, शेनिन ब्लां नावाची हिरवी झाली. आमच्या मामांनी अशा रीतीनं वायनरीतल्या झाडून सगळ्या वाईन चाखल्या, फक्त एक टप्पा अलीकडं. माळेला कुठं धक्का नाही. साखरेचं अल्कोहोल होतं आणि तेवीस ब्रिक्सच्या रसाची साधारण तेरा टक्क्यांची वाईन होते, हे गणित त्यांनी तिथंच समजून घेतलं. गुळाचा उतारा काढणाऱ्या माणसाला ते अवघड नव्हतं.

मामांनी शेवटी तो प्रश्न विचारला जो कुठल्याही मार्गदर्शक सहलीत कुणी विचारत नाही. ‘शेतकऱ्याचं बिल किती दिवसांत निघतं?’ सुपरवायझरनं इकडं तिकडं बघितलं आणि नळी पुसायला घेतली.

मग आम्ही पुढच्या दारानं उत्सवात शिरलो. मनगटाला कागदी पट्टा बांधला. एका टेबलावर परमिट. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळे इथं दारू प्यायला कायद्यानं परवाना लागतो, आणि त्या परवान्याचं कारण फार गोड आहे: आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे सरकारदरबारी महाराष्ट्रातला प्रत्येक पिणारा हा प्रकृतीची काळजी घेणारा इसम आहे. भाच्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, ‘मग रोज सकाळी पळायचं तरी.’

मधोमध लाकडाचं भलंमोठं टोपलं, त्यात गुडघाभर नसली तरी घोटाभर द्राक्षं, आणि त्यात अनवाणी उड्या मारणारी मंडळी. डोक्याला द्राक्षाच्या पानांचे मुकुट. शेजारी स्पीकर. प्रत्येक उडीचा एक फोटो, आणि फोटोसाठी परत एक उडी. ‘ह्याचीच वाईन होते का?’ असं मी पाय धुवायला पाणी देणाऱ्या मुलीला विचारलं. ती हळूच म्हणाली, ‘नाही काका. तिचं वेगळं मशीन असतं.’ बरं वाटलं. खरी वाईन स्टीलच्या थंड टाक्यांत होते. हे तुडवणं पायांच्या समाधानासाठी.

भाचा पँट दुमडून आत उतरला. पहिलं पाऊल पडलं मात्र, मामांचा हात आपसूक कपाळाला गेला. अन्नाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आमच्याकडं चालायला शिकताना शिकवतात. मामांनी वरून सांगितलं, ‘आरे, पाया पड आधी!’ भाच्याला जनाची लाज वाटली, पण मामांचीही वाटली. त्यानं टोपल्यात वाकून द्राक्षांना हात लावला आणि कपाळाला लावला. शेजारच्या मुंबईच्या बाईंना वाटलं हीच इथली पद्धत. त्यांनीही लावला. मग त्यांच्या मैत्रिणींनी. दहा मिनिटांत सगळं टोपलं नमस्कार करून तुडवत होतं आणि सूत्रसंचालक माईकवरून सांगत होता की हा आपल्या मातीतला संस्कार आहे. पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत तो छापला जाईल, याची मला खात्री आहे.

चाखण्याच्या कार्यक्रमाबद्दल फार लिहीत नाही, कारण सगळीकडं तो सारखाच असतो. पेल्यात औषधाएवढी वाईन येते. ती फिरवायची, हुंगायची, जिभेवर धरायची, आणि मग एकमेकांकडं अर्थपूर्ण बघायचं. माहिती देणारा तरुण म्हणाला, ‘ह्या सॉव्हिन्यॉं ब्लांमध्ये पेरूचा आणि ढोबळी मिरचीचा गंध आहे.’ आमच्यातल्या एकानं शेडनेटमध्ये ढोबळी मिरची लावून हात पोळून घेतले आहेत. त्यानं पेला खाली ठेवला. म्हणाला, ‘एवढे पैसे देऊन परत तोच वास?’ पुढच्या तांबड्या वाईनमध्ये चामड्याचा गंध सांगितला गेला. मामा लांब बाकावर बसून लिंबूपाणी घेत होते. त्यांनी आमच्या काढलेल्या चपलांकडं नजर टाकली आणि काही बोलले नाहीत. चाखून झालेली वाईन थुंकायला एक भांडं ठेवलेलं असतं. सबंध दिवसात त्याचा उपयोग कुणी केल्याचं मी पाहिलं नाही. मराठी माणूस तंबाखू थुंकतो, पैसे मोजलेलं थुंकत नाही.

कडेला नाशिकच्या वाईनचा इतिहास लावला होता. अमेरिकेत संगणकाच्या कंपनीतली नोकरी सोडून राजीव सामंत आले, नाशिकला वेली लावल्या, २००० साली पहिली वाईन बाजारात आणली आणि तिला आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून सुला म्हटलं. ‘आईचं नाव दिलं म्हणजे पोरगा चांगला असणार,’ मामा. त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फसफसणारी वाईन काढून परदेशात विकली होती. २००८ पासून सुलाचा संगीतमहोत्सव सुरू झाला आणि द्राक्ष बघायला जाणं ही शहरी माणसाची चैन झाली. २०१० साली ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं बरोबर आहे. पण त्या तक्त्यात आमचा जिल्हा नव्हता, ते मला सहन झालं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेला येऊन गेला आणि तिथल्या द्राक्षा-डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येतं असं लिहून गेला. तुघलकानं राजधानी हलवली याची इतिहासात थट्टा होते. तिथल्या द्राक्षांची नोंद मात्र कुणी काढत नाही. मी हे माहिती देणाऱ्या तरुणाला सांगितलं. तो म्हणाला, ‘ओके सर, तुम्ही रोझे ट्राय केलीत का?’

आमच्या जिल्ह्यानं पुढं द्राक्ष सोडलं आणि बीअर धरली. चिकलठाणा-वाळूजचे बीअरचे कारखाने राज्यभर माहीत आहेत. इतके, की २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला सांगावं लागलं. आणि पाण्याचा विषय निघाला की मराठवाड्याचा माणूस दोन घोटांतही शुद्धीवर येतो.

तो निघालाच. भाच्यानं तिसरा पेला उजेडात धरून रंगाचं कौतुक केलं आणि आमच्यातला ढोबळी मिरचीवाला म्हणाला, ‘हे आपलंच पाणी आहे.’ कुणी हसलं नाही, कारण हिशेब बरोबर होता. दिंडोरीच्या धरणांचं पाणी कादवेतून गोदावरीला मिळतं, गोदावरी नांदूर मधमेश्वरला अडते, तिथून जलद कालवा आमच्या वैजापूर-गंगापूरला येतो, उरलेली नदी जायकवाडीला. आमची शिवनाही शेवटी गोदावरीलाच जाते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं गणित. आणि मग वरचे म्हणतात आमच्या बागा वाळतील, खालचे म्हणतात आमचे घसे. मोर्चे, याचिका, कालव्यावर पोलीस. एवढं सगळं करून जे पाणी आम्हाला मिळायचं राहून गेलं, ते त्या दुपारी आम्ही समन्यायी पद्धतीनं पिऊन घेतलं. ‘हक्काचं पाणी’ म्हणून चौथा पेला मागणारी मराठवाड्यातली ती पहिलीच तुकडी असावी. मामांनी लिंबूपाणी वर करून पाठिंबा दिला.

भाचा मोबाईलवर काहीबाही दाखवत होता. मोल्दोवा देशात मिलेश्ती मिच नावाचं जमिनीखालचं वाईनचं कोठार आहे. चुनखडीच्या जुन्या खाणीतले सुमारे २०० किलोमीटरचे बोगदे, आतल्या रस्त्यांना वाईनची नावं, आणि लोक गाडी घेऊनच आत उतरतात. मामांनी नीट ऐकून घेतलं. ‘आणि गाडी कोण चालवतं?’ भाच्याकडं उत्तर नव्हतं. मग त्यानं स्वित्झर्लंडमधल्या व्हव्हेचा उत्सव काढला. तिथं मळेवाल्यांचा सोहळा एका पिढीत एकदाच होतो. १९९९ नंतर थेट २०१९ ला झाला. चांगलं काम करणाऱ्या मळेकऱ्यांचा सन्मान करायचा, हा त्याचा मूळ हेतू. हे मामांना पटलं. ‘म्हणजे राबणाऱ्याला पुढं बसवतात. इथं तो मागच्या गेटला आहे.’

मला हे त्या दिवसातलं सर्वांत नेमकं वाक्य वाटलं, आणि ते न पिणाऱ्याचं होतं. मंचावर गाणं होतं, टोपल्यात पाय होते, पेल्यांत गंध होते. पण ज्यानं खरड छाटणीपासून त्या घडासाठी झोप घालवली तो टेम्पोच्या सावलीत आपला नंबर कधी लागतो ते बघत होता, आणि पहाटे तो घड कापणारी पेठची बाई तोवर दुसऱ्या बागेत पोचली होती. त्यांच्यापैकी कुणाच्या मनगटाला कागदी पट्टा नव्हता. उत्सवाबद्दल माझी दुसरी तक्रार नाही. गाणं चांगलं होतं आणि स्वच्छतागृहं फारच चांगली होती. आमच्या तालुक्यातल्या कित्येक लग्नांच्या हॉलांनी जाऊन बघावीत अशी.

परतीच्या वाटेवर येवल्याच्या पुढं भाचा झोपला. बाकीचेही गप्प. एकटे मामा जागे, खुशीत, हरिपाठ पुटपुटत सावकाश चालवत होते. एका नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली, आत वाकून वास घेतला आणि चेहरा कडक केला. मग टॉर्च मामांच्या गळ्यातल्या माळेवर पडला. हवालदारानं सरळ हात जोडले. ‘माउली, जावा.’ आतल्या माणसांना कायद्याचं बंधन नाही आणि चालवणाऱ्याला देवाचं आहे, अशी गाडी त्यालाही रोज दिसत नसणार.

गावात आल्यावर खरी गंमत. दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहाला लोक जमले, काय बघितलं विचारायला लागले. आम्हा पिणाऱ्यांना सांगता येण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पेरू आठवत होता, पेला कितवा ते नाही. बोलले ते मामा. शिराझला साल जाड कशी, शेनिनला गोडी किती, बावीस ब्रिक्सला काय निघतं आणि चोवीसला काय, अमुक वेलाला छाटणीनंतर किती दिवस लागतात. तासभर. गावातल्या दोन पोरांनी वहीत लिहून घेतलं. आता देवगावात वाईनबद्दल काही अडलं तर लोक माळकऱ्याला विचारतात.

२०२२ च्या जानेवारीत सरकारनं हजार चौरस फुटांच्या वरच्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, त्यावरून राज्यभर गदारोळ झाला आणि ते बारगळलं. तो विषय कुणीतरी हॉटेलात काढलाच. मामा त्या वेळी विरोधात होते, आजही आहेत. पण आता त्यांचं कारण वेगळं आहे: ‘वाईन विकायच्या आधी बिलं वेळेवर काढा म्हणावं. आणि आपल्या पेठेत हजार फुटांचं दुकान आहे कुणाचं?’

तर जायचं असेल तर फेब्रुवारीत जा. समृद्धी नको, येवला-विंचूरचा जुना रस्ता धरा. निफाडजवळ ज्या टोपलीपाशी बागायतदार स्वतः बसला असेल तिथं थांबा आणि भाव करू नका. वायनरीत आधी मागच्या गेटला जाऊन या, तिथं तिकीट लागत नाही. आणि गाडीत एक माळकरी ठेवा. आमच्या मामांची पुढच्या हंगामाची तारीख मात्र मागू नका. त्यांचा फेब्रुवारी बुक झालाय, आणि या खेपेला सुपरवायझरनं स्वतः बोलावलंय, अद्रकीचं बेणं घेऊन.